सात वर्षांचे मौन, तीस वर्षांची वाट

वाशिम जिल्ह्यातील कारंजा हे गाव जुन्या काळापासून लाडांचे कारंजे म्हणून ओळखले जाते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला आणि कारंजा नव्या जिल्ह्यात गेले. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी शकुंतला ही अरुंद मापाची आगगाडी एकेकाळी या गावावरून जात असे. जैन धर्मीयांच्या दृष्टीने येथील मंदिरे आणि हस्तलिखितांचे संग्रह महत्त्वाचे आहेत, तर दत्तभक्तांच्या दृष्टीने हे गाव म्हणजे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान होय. पौष शुद्ध द्वितीयेला येथील गुरुमंदिरात जन्मोत्सव साजरा होतो आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण अशा तीन प्रांतांतून भाविक येतात.

श्रीनृसिंहसरस्वतींचा काळ साधारणपणे इसवी सन १३७८ ते १४५८ असा मानला जातो. त्यांच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे सरस्वती गंगाधर यांनी रचलेला गुरुचरित्र हा ग्रंथ. महाराजांचे शिष्य सायंदेव यांच्या वंशातील हे ग्रंथकार होत. घरोघर या ग्रंथाचे सप्ताह होतात आणि त्यातील चमत्कारांच्या कथा अनेकांना मुखोद्गत असतात. मात्र त्या कथांच्या आड एक साधी, माणसाच्या पातळीवरची गोष्ट दडलेली आहे. सात वर्षांचा होऊनही न बोलणाऱ्या एका मुलाची आणि त्याच्याजवळ न खचता बसून राहिलेल्या आईवडिलांची ती गोष्ट आहे. मूल घडवताना आपले मन कसे स्थिर ठेवावे, हा प्रश्न आजच्या पालकांना जितका छळतो तितकाच तो सहाशे वर्षांपूर्वी कारंज्याच्या त्या दांपत्यालाही छळत होता.

कुरवपूरची आई

या कथेची सुरुवात कारंज्यात होत नाही. ती होते दक्षिणेत, रायचूरच्या बाजूला, कृष्णेच्या पात्रातील कुरवपूर या बेटावर. श्रीनृसिंहसरस्वतींचे पूर्वावतार मानले गेलेले श्रीपाद श्रीवल्लभ यांचे ते स्थान. गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायात तेथील एका ब्राह्मण कुटुंबाची हकिकत येते. त्या दांपत्याची अनेक मुले दगावली होती आणि पुष्कळ नवसांनंतर एक मुलगा वाचला होता. पिता वेदवेत्ता होता. मुलानेही आपल्याप्रमाणे पंडित व्हावे, ही त्याची आकांक्षा. मुलगा मात्र मंदबुद्धीचा निघाला. मुंजीनंतर पित्याने त्याला वेद शिकवायला घेतले, पण पाठ काही त्याच्या डोक्यात शिरेना. पित्याचा संताप अनावर होई आणि तो मुलाला रोज मारी.

ही मारझोड आईला पाहवली नाही. इतकी मुले गमावल्यावर हे एकच हाती राहिले आहे, त्याला वेद येवोत वा न येवोत, त्याला मारू नये, अन्यथा आपणच प्राण देऊ, असे तिने पतीला निक्षून सांगितले. पित्याने हात आवरला. पुढे थोड्याच काळात तो वारला आणि मायलेकरांवर भिक्षा मागण्याची वेळ आली.

वडिलांचा मार थांबला तरी गावाची जीभ थांबली नव्हती. एवढ्या विद्वानाच्या पोटी असा मुलगा जन्मावा, अशा शब्दांत लोक त्याची निर्भर्त्सना करू लागले. लोकांच्या घरी पाणी भरून तरी पोट भर, असे टोमणे त्याला ऐकावे लागले. शेवटी मायलेक दोघेही जीव द्यायला नदीवर गेली. जी आई नवऱ्याच्या क्रोधापुढे ठाम उभी राहिली होती, ती समाजाच्या तुच्छतेपुढे कोलमडली. नदीकाठी श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवले, धीर दिला आणि प्रदोषव्रताचा मार्ग दाखवला. मुलाच्या मस्तकावर हात ठेवताच तो ज्ञानी झाला, असे ग्रंथ सांगतो.

त्या प्रसंगी श्रीपाद श्रीवल्लभांनी या आईला एक कथा सांगितली. ती उज्जयिनीच्या एका गवळ्याच्या मुलाची आहे. चंद्रसेन राजाची शिवपूजा पाहून गवळ्यांच्या मुलांनी खेळ मांडला. दगडाचे लिंग केले, रानातली पाने-फुले वाहिली आणि राजासारखीच पूजा केली. जेवणाची वेळ झाली तशी बाकीची मुले घरी गेली, पण एक मुलगा पूजेत रमून राहिला. त्याची आई आली, रागावली, तिने तो खेळ मोडून टाकला आणि ती निघून गेली. मुलगा शोकाने विव्हळ झाला. पुढे तेथे शंकर प्रसन्न झाले आणि त्या जागी रत्नखचित मंदिर उभे राहिले. आईने परत येऊन पाहिले तेव्हा आपण काय मोडले होते, ते तिला कळले.

मुलाच्या दुःखाने खचलेल्या आईला सांगण्यासाठी नेमकी हीच कथा निवडली जावी, हे लक्षणीय आहे. गवळ्याची ती बायको दुष्ट नव्हती. तिला मुलाला वेळेवर जेवू घालायचे होते. परंतु तिचे लक्ष चुलीवर होते, घड्याळ नसलेल्या त्या काळातील वेळेवर होते. समोर बसलेले मूल काय करीत आहे, हे तिने क्षणभर थांबून पाहिले नाही. आजही शाळेच्या बसची वेळ, शिकवणीची वेळ, झोपण्याची वेळ यांच्या मागे धावताना किती खेळ असे मोडले जातात, याचा हिशेब कोण ठेवतो?

कुरवपूरच्या त्या स्त्रीने पुढच्या जन्मी श्रीपाद श्रीवल्लभांसारखा पुत्र मागितला. तीच कारंज्यात अंबा म्हणून जन्माला आली, अशी श्रद्धा आहे.

कारंज्याचे घर

अंबा, म्हणजेच अंबाभवानी, हिचा विवाह कारंज्याच्या माधव नावाच्या शिवभक्त ब्राह्मणाशी झाला. वाजसनेय शाखेचे हे कुटुंब. दांपत्य प्रदोषकाळी शिवपूजा करीत असे. यथावकाश त्यांना पुत्र झाला. जन्मताच त्याने ॐकाराचा उच्चार केला, असे ग्रंथात वर्णन आहे. ज्योतिषांनी हा मोठा तपस्वी होईल, याला गृहस्थाश्रम घडणार नाही, असे भविष्य वर्तवले. बाळाचे नाव नरहरी ठेवण्यात आले.

पहिली चिंता दुधाची होती. आईच्या अंगावर दूध पुरेना. दूध पाजायला एखादी बाई ठेवावी की शेळी आणावी, असा विचार पती-पत्नींमध्ये झाला. बाळाने स्पर्श करताच दुधाच्या धारा वाहू लागल्या, हा झाला चमत्काराचा भाग. पण बाळाला दूध पुरत नाही म्हणून रात्री कासावीस होणारी आई आणि काय उपाय करावा हे शोधणारा बाप, हे चित्र कोणत्याही काळातील घरात जसेच्या तसे दिसेल. बाळ पाळण्यात राहायलाही तयार नसे, त्याला जमिनीवरच खेळायला आवडे. आईने त्याला तसे खेळू दिले.

खरी कसोटी पुढे होती. वर्ष उलटले, दुसरे गेले, तिसरे गेले. नरहरीच्या तोंडून ॐ याखेरीज दुसरा शब्द निघेना.

सात वर्षे

मूल बोलत नाही, हे दुःख मोठे विलक्षण असते. आजारी मुलाच्या आईला लोक सहानुभूती दाखवतात. न बोलणाऱ्या मुलाच्या आईला मात्र सल्ले मिळतात. अंबाभवानीलाही ते मिळाले. कुणी कुलदेवतेची आराधना सुचवली, कुणी रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घालायला सांगितले. आईवडिलांनी सांगितलेले उपाय केले, वैद्य आणि जाणकारांना विचारले. मूल सात वर्षांचे झाले. मुंजीचे वय आले आणि चिंता अधिकच गडद झाली. ज्याला बोलता येत नाही, त्याला गायत्रीचा उपदेश कसा करायचा?

या सात वर्षांविषयी गुरुचरित्र फार विस्ताराने सांगत नाही. तथापि त्यात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या घरात मारहाणीचा एकही प्रसंग येत नाही. कुरवपूरच्या पित्याने मुलाला पाठ येत नाही म्हणून हात उगारला होता. कारंज्याच्या माधवाने मुलाला शब्दच येत नसताना हात उगारलेला नाही. अंबाभवानी रडली. आपल्या म्हातारपणाचा आधार असा निघावा, याचे तिला अतोनात दुःख झाले आणि ते तिने मुलाजवळ बोलूनही दाखवले. तिने दुःख लपवले नाही, पण ते मुलावर काढलेही नाही.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. शांत पालक म्हणजे ज्याला काही वाटत नाही असा पालक, अशी एक समजूत आढळते. अंबाभवानी त्या अर्थाने शांत नव्हतीच. ती दुःखी होती, घाबरलेली होती, लोकांच्या बोलण्याने दुखावलेली होती. मात्र हे सारे सोसत असताना ती मुलासमोर बसून होती. त्यामुळेच त्याच्या खुणा तिला वाचता आल्या. एके दिवशी नरहरीने हातांनी खाणाखुणा केल्या. कमरेला मौंजी आणि खांद्यावर जानवे यांची खूण करून, मुंज झाली की आपण बोलू, असे त्याने सुचवले. शब्द नसलेल्या मुलाचे म्हणणे आईवडिलांना समजले, कारण सात वर्षे ते त्याच्याकडे बघत आले होते. ज्याने केवळ शब्दांची वाट पाहिली असती, त्याला ती खूण दिसली नसती.

याच सुमारास मुलाने हाती धरलेल्या लोखंडाचे सोने झाले, अशीही कथा आहे. भाविकांना ती प्रिय आहे. परंतु त्या घरात सोन्यापेक्षा मोलाची ठरली ती ही खूणच.

मुंजीचा मांडव

माधवाने मुंज ठरवली. थाटामाटाने तयारी केली, ब्राह्मणांना आमंत्रणे गेली. गावात कुजबूज सुरू झाली. मुक्या मुलाच्या मुंजीसाठी एवढा खर्च कशाला, त्याला मंत्र कसा सांगणार, असे काही जण म्हणू लागले. दुसऱ्या काहींनी, आपल्याला काय त्याचे, मिष्टान्न आणि दक्षिणा मिळणार ना, असा व्यवहारी सूर लावला. ग्रंथकाराने गावाचे हे चित्र इतके हुबेहूब रेखाटले आहे, की सहाशे वर्षांत लग्नमुंजीतील पाहुण्यांची जात फारशी बदललेली नाही, असे वाटावे.

कुरवपूरला हेच टोमणे त्या आईला नदीपर्यंत घेऊन गेले होते. कारंज्यात टोमणे तसेच होते, मात्र या वेळी आईवडिलांनी मांडव मोडला नाही. मुलाने केलेल्या खुणेवर त्यांनी गावाच्या बोलण्यापेक्षा अधिक विश्वास ठेवला. एकच जीव दोन जन्मांत एकाच कसोटीला सामोरा गेला, असे मानले तर दोन जन्मांमधला फरक तो हाच होता.

गायत्रीचा उपदेश झाला. आई भिक्षा घालायला आली. पहिल्या भिक्षेला नरहरीने ऋग्वेदाचा आरंभ म्हटला, दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेदाचा आणि तिसऱ्या भिक्षेला सामवेदाचा. मांडवातील लोक थक्क झाले. मघाशी हसणारे आता हात जोडून उभे राहिले.

निरोप

कथा येथे संपली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु आईवडिलांची दुसरी, अधिक कठीण परीक्षा त्याच दिवशी सुरू झाली. ज्या मुखातून पहिला शब्द ऐकण्यासाठी आईने सात वर्षे वाट पाहिली, त्याच मुखाने घर सोडून तीर्थयात्रेला जाण्याची अनुज्ञा मागितली. अंबाभवानी शोकाकुल झाली. मुलगा बोलू लागला तो निघून जाण्यासाठीच का, असे तिला वाटणे स्वाभाविक होते.

नरहरीने तिला पूर्वजन्माची आठवण करून दिली, असे ग्रंथ सांगतो. तिला आणखी पुत्र होतील, असे आश्वासनही दिले. तरीही तिचे मन मानेना. तेव्हा त्याने एक तडजोड स्वीकारली. आईला दुसरी संतती होईपर्यंत आपण थांबू, असे त्याने मान्य केले. त्यानंतर वर्षभर तो घरीच राहिला. गावातील विद्वान त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. यथाकाल अंबाभवानीला जुळे पुत्र झाले. ते तीन महिन्यांचे झाले आणि नरहरीने पुन्हा अनुज्ञा मागितली. या वेळी आईवडिलांनी त्याला निरोप दिला. तीस वर्षांनी परत येऊन भेटेन, असे वचन देऊन तो काशीच्या वाटेला लागला.

या वर्षभराच्या थांबण्याला फार अर्थ आहे. मुलाने आईच्या मनाची तयारी होण्यासाठी वेळ दिला आणि आईने त्या वेळात मुलाला अडकवून ठेवण्याचा मार्ग न शोधता त्याचा निर्णय पचवला. मुले शिकायला पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशी निघतात, तेव्हा विदर्भातील कितीतरी घरांत आजही हाच प्रसंग घडतो. निरोप देताना डोळे भरून येणे वेगळे आणि डोळ्यांतील पाण्याने वाट अडवणे वेगळे.

काशीहून पुन्हा कारंज्याला

काशीत नरहरीने कठोर तप केले. तेथील वृद्ध यती श्रीकृष्णसरस्वती यांनी त्यांना संन्यासदीक्षा दिली आणि श्रीनृसिंहसरस्वती हे नाव प्राप्त झाले. त्यानंतर बदरीनारायण, गंगासागर, प्रयाग अशी यात्रा झाली. माधव, बाळ, कृष्ण, उपेंद्र, सदानंद, ज्ञानज्योती आणि सिद्ध असे शिष्य त्यांना लाभले. ठरल्याप्रमाणे महाराज शिष्यांसह कारंज्याला परतले.

तीस वर्षे म्हणजे आयुष्याचा एक मोठा तुकडा. टपाल नव्हते, निरोप नव्हता. या काळात अंबाभवानी आणि माधव यांनी धाकट्या मुलांना वाढवले. चार पुत्र आणि एक कन्या असा त्यांचा संसार फुलला होता. दूर गेलेल्या एका मुलाच्या आठवणीत जवळच्या मुलांचे बालपण हरवून गेले, असे गुरुचरित्रात कोठेही सूचित होत नाही. महाराज आले तेव्हा गावातील प्रत्येकाने त्यांना आपल्या घरी येण्याचा आग्रह केला आणि एकाच वेळी अनेक रूपे धारण करून ते घरोघर गेले, असे वर्णन आहे. आईवडील आणि भावंडे यांची भेट झाली. रत्नाई या बहिणीनेही आपले मन त्यांच्यापाशी मोकळे केले. वृद्ध मातापित्यांचे समाधान करून महाराज पुढे दक्षिणेकडे निघाले.

संन्याशाने पूर्वाश्रमाच्या घरी परतू नये, असा सामान्य संकेत आहे. तो बाजूला ठेवून महाराजांनी आईला दिलेला शब्द पाळला. मुलाच्या बाजूनेही नाते किती जपले गेले होते, याची ही साक्ष होय.

इतरांच्या मुलांसाठी

यानंतरचे महाराजांचे चरित्र कृष्णा आणि भीमा या नद्यांच्या काठाने पुढे सरकते. परळी वैजनाथ येथे त्यांनी एक वर्ष गुप्तपणे वास केला. पुढे सांगली जिल्ह्यातील भिलवडीजवळ औदुंबर येथे चातुर्मास केला. नंतर कृष्णा-पंचगंगा संगमावरील अमरापूर, म्हणजे आजची नृसिंहवाडी, येथे बारा वर्षे राहिले. शेवटचा दीर्घ काळ भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर येथे गेला.

औदुंबरच्या वास्तव्यात करवीरचा एक पोरका मुलगा त्यांच्याकडे आला. विद्वानाचा मुलगा असूनही त्याला काही येत नव्हते आणि लोकांच्या हेटाळणीने तो पार खचला होता. भिलवडीच्या भुवनेश्वरीसमोर त्याने आपली जीभ कापून वाहिली, असे ग्रंथात आहे. महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याला वाणी व विद्या दोन्ही मिळाली. ही कथा वाचताना कुरवपूरच्या मुलाची आठवण होते आणि सात वर्षे मौनात काढलेल्या नरहरीचीही. ज्याने स्वतः मुका म्हणून गावाची कुजबूज ऐकली, त्याच्यापाशी हेटाळणी झालेल्या मुलासाठी जागा असावी, हे अगदी सुसंगत वाटते.

नृसिंहवाडीच्या पादुकांशी जोडलेली शिरोळच्या एका स्त्रीची कथाही अशीच हृदयस्पर्शी आहे. तिची मुले वाचत नव्हती. औदुंबराच्या सेवेनंतर दोन पुत्र झाले आणि त्यांतील एक मुंजीच्या सुमारास दगावला. आई मुलाचे कलेवर सोडायला तयार होईना. लोक अंत्यविधीची घाई करू लागले, पण ती ऐकेना. त्या वेळी आलेल्या एका ब्रह्मचाऱ्याने तिला जन्ममरणाचे ज्ञान सांगितले, तरी तिने आपले गाऱ्हाणे सोडले नाही. अखेर ती मुलाला घेऊन औदुंबरापाशी गेली आणि तेथे मूल सजीव झाले, अशी श्रद्धा आहे. तत्त्वज्ञानाच्या चार शब्दांनी आईचा शोक मिटत नाही, तो कुणीतरी आधी ऐकून घ्यावा लागतो, हे ग्रंथकाराने येथे प्रांजळपणे मान्य केले आहे.

माघ वद्य प्रतिपदेला महाराजांनी गाणगापूर सोडले. श्रीशैल येथे पाताळगंगेत फुलांच्या आसनावर बसून ते कर्दळीवनाकडे गेले, असे मानतात. ही तिथी गुरुप्रतिपदा म्हणून आजही पाळली जाते.

आजच्या आईवडिलांसाठी

अलीकडे सजग पालकत्व हा शब्द कानावर येतो. इंग्रजीतील माइंडफुलनेस या संकल्पनेवरून तो आला आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणावाच्या रुग्णांसाठी ध्यानावर आधारित अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९९७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मायला यांनी मिळून याच दृष्टीने पालकत्वावर पुस्तक लिहिले. त्यामागचे मूळ मात्र आपल्याकडचेच आहे. श्वासाकडे लक्ष देण्याची बौद्ध परंपरेतील साधना इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिकवली जाते.

या विचाराचे सार थोडक्यात सांगता येते. राग किंवा भीती आली की ती आली आहे हे ओळखावे. तोंडातून शब्द किंवा हातून फटका जाण्यापूर्वी दोन-तीन श्वास घ्यावेत. नंतर समोरच्या मुलाकडे पाहावे, आपल्या मनातील आदर्श मुलाकडे नव्हे. कुरवपूरचा पिता मनातील पंडिताला शिकवत होता, म्हणून समोरचा मुलगा त्याला दिसला नाही. गवळ्याची बायको ताटाचा विचार करीत होती, म्हणून खेळ दिसला नाही. अंबाभवानीने मुलाचे हात पाहिले, म्हणून तिला खूण कळली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. या चरित्राचा आधार घेऊन, आमचेही मूल उशिरा बोलेल, असे म्हणत वर्षानुवर्षे थांबणे धोक्याचे आहे. दीड वर्षापर्यंत मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा आधी येणारे शब्द विसरू लागले असेल, तर सर्वप्रथम त्याच्या कानांची तपासणी करावी आणि बालरोगतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांना दाखवावे. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका लाभ अधिक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाड्या आणि शाळांमधून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी केली जाते व गरजेप्रमाणे पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. माधव आणि अंबाभवानी हेही हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांच्या काळात जे उपाय ज्ञात होते ते सर्व त्यांनी केले. मन शांत ठेवणे आणि उपाय करणे यांत विरोध नाही. उलट मन शांत असेल तर योग्य उपाय लवकर सुचतो, आणि उपचारांना वेळ लागला तर त्या काळात मुलाला आपण नकोसे आहोत असे वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांच्या प्रेरणेने कारंज्याच्या या जन्मस्थानाकडे दत्तसंप्रदायाचे लक्ष वेधले गेले आणि पुढे येथे गुरुमंदिर उभे राहिले. आज तेथे निर्गुण पादुकांचे दर्शन घेण्यासाठी रांग लागते. त्या रांगेत कडेवर मूल घेतलेल्या आया असतात, मुलाच्या परीक्षेसाठी नारळ आणलेले वडील असतात, दूरगावी गेलेल्या मुलाच्या आठवणीने डोळे पुसणारे आजी-आजोबाही असतात. सारे जण महाराजांपुढे माथा टेकतात आणि आपापल्या मुलाचे भले मागतात.

त्या वेळी मनोमन आणखी एक नमस्कार करायला हरकत नाही. तो अंबाभवानी आणि माधव यांना असावा. सात वर्षे त्यांनी शब्दाची वाट पाहिली, एक वर्ष निरोपाची तयारी केली आणि तीस वर्षे परतीची वाट पाहिली. मुलगा बोलत नव्हता तेव्हाही त्याचे पान त्यांच्याच पंक्तीत मांडलेले असे.